चालण्याच्या टप्प्यात म्हणजे नेमके किती?

बसथांबा घरापासून ४०० मीटरच्या आत आणि रेल्वे स्थानक ८०० मीटरच्या आत असले की ते चालण्याच्या टप्प्यात आले, असा हिशेब नगरनियोजनात वर्षानुवर्षे रुळला आहे. साधारण चालीने ही अंतरे पाच आणि दहा मिनिटांची होतात. आकड्यांशी माझे भांडण नाही; ते नकाशावर ज्या रीतीने वापरले जातात, तिच्याशी आहे. थांब्यावर कंपासचे टोक रोवून वर्तुळ काढले की आतली सगळी घरे ‘जवळची’ ठरतात. परंतु माणूस त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्याने चालतो. मध्ये लांबलचक कुंपणभिंत आली की ३०० मीटरवरच्या थांब्यासाठी ७०० मीटरचा वळसा पडतो. रुंद रस्ता आला की सिग्नलपाशी दीड-दोन मिनिटे ताटकळावे लागते, आणि तेवढ्या वेळात एरवी शे-दीडशे मीटर चालून झाले असते.

शिवाय किती चालायचे, हे कामावरही ठरते. औषधाच्या दुकानापर्यंत दहा मिनिटे चालायला कंटाळणारा माणूस नोकरीसाठी रोज पाऊण तासाचा प्रवास निमूटपणे करतो (मीही त्यातलाच). जाताना सहज वाटलेले अंतर, परतताना दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या असल्या की दुप्पट होते. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ सेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये, याकोव्ह झहावी यांच्या अभ्यासाचा आधार घेत, माणूस प्रवासाला दिवसाकाठी सरासरी तासभर देतो, असे मांडले होते. वाहन वेगवान झाले म्हणून तो तास वाचत नाही, माणूस फक्त लांब राहायला जातो. हे मला पटते, कारण आपणही अंतर विचारल्यावर ‘वीस मिनिटे’ असेच उत्तर देतो.

या सगळ्यात सायकलीकडे फारच दुर्लक्ष होते. दहा मिनिटांत पायी ८०० मीटर होतात, तर ताशी १५ किलोमीटरच्या सायकलीने अडीच किलोमीटर. अंतर तिप्पट झाले, एवढेच वरवर दिसते. पण आवाक्यात येणारे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, म्हणजे ते जवळजवळ दहापट होते! गणित पुन्हा करून पाहिले, तेव्हा कुठे विश्वास बसला. मोटारीचा आवाका अर्थातच याहून मोठा आहे. फक्त तो सांगताना गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेली मिनिटे आणि तिथून दारापर्यंतची पायपीट कोणी धरत नाही.