दहावी पोरांची, तारखा कोर्टाच्या

दहावीतलं पोर असलं की घरात परीक्षेचं वेळापत्रक चिकटवतात. आमच्याकडे २०२१ साली फ्रिजवर हायकोर्टाचा बोर्ड चिकटवायला हवा होता. आज आपली केस कितव्या नंबरवर आहे, एवढंच बघायचं!

एप्रिलमध्ये परीक्षा रद्द. कोरोना होता, समजू शकते. मग त्या निर्णयाविरुद्ध पुण्यातले एक प्राध्यापक कोर्टात गेले आणि शिक्षणाची थट्टा चालवलीय म्हणून कोर्टाने सरकारला झापलं. म्हणजे परीक्षा होणार? का नाही होणार? पोरगी पुस्तकं माळ्यावर टाकायची आणि परत उतरवायची. शेवटी सूत्र ठरलं: नववीचे ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखीचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. १६ जुलैला निकाल. ९९.९५ टक्के पोरं पास आणि वेबसाइट नापास, दुपारभर उघडेचना.

पण खरा संताप पुढेच आहे. २८ मेला सरकारने जीआर (शासन निर्णय) काढला की अकरावीसाठी सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा. १०० मार्क, दोन तास, तारीख २१ ऑगस्ट. आणि म्हणे ऐच्छिक! ऐच्छिक कशी, तर जे देतील त्यांना आधी कॉलेज आणि जे देणार नाहीत त्यांना उरलंसुरलं. मग कुणाची टाप होती घरी बसायची? वर अभ्यासक्रम फक्त राज्य मंडळाचा. आयसीएसई-सीबीएसईच्या पोरांनी काय करायचं, आयुष्यात न पाहिलेली पुस्तकं महिन्याभरात घोकायची? आयसीएसईची एक विद्यार्थिनी कोर्टात गेली, तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिच्याच नावाने खडे फोडणं सुरू. अरे, तिला कशाला बोलता? जीआर तिने काढला होता का?

१० ऑगस्टला कोर्टाचा निकाल लागला. सीईटी रद्द, कारण असा जीआर काढायचा सरकारला अधिकारच नाही. दहावीच्याच मार्कांवर सहा आठवड्यांत प्रवेश उरका. परीक्षा अकरा दिवसांवर होती हो! दहा लाखांवर पोरांनी फॉर्म भरले होते, तेही नोंदणीची साइट सुरू होते न होते तोच बंद पडल्यावर, पुन्हा पुन्हा ताटकळून. आमच्या क्लासवाल्याने सीईटी बॅचचे पैसे आधीच घेतले होते. ते परत मागितल्यावर काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बरं, हे पहिल्यांदा घडलं असतं तर सोडून दिलं असतं. २००९ मध्ये ९०:१० आणलं, अकरावीच्या नव्वद टक्के जागा एसएससीवाल्यांना, म्हणजे राज्य मंडळाच्या पोरांना. हायकोर्टाने जुलैत उडवलं. २०१० मध्ये बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सहांपैकी जास्त मार्कांचे पाचच विषय धरायचे, त्याचा जीआर फेब्रुवारीच्या शेवटी, पोरं उजळणी करत असताना! जूनमध्ये हायकोर्टाने रद्द केला, जुलैत सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. (बेस्ट ऑफ फाइव्हवर माझा राग नाही, आमच्या धाकट्याचं हिंदी त्याच्याच भरवशावर आहे.) पण त्या जून-जुलैत ज्यांची पोरं अकरावीच्या दारात उभी होती त्यांना विचारा.

कोर्टात जाणाऱ्यांवर चिडून काय उपयोग? नियम अन्यायाचा असेल तर माणूस जाणारच, आणि जावंच. चीड आहे ती वर्ष संपत आल्यावर नियम काढणाऱ्यांची. मंत्रालयात विधी व न्याय विभाग आहे ना? तिथल्या लोकांना जे आधी दिसायला हवं, ते सोळा वर्षांच्या पोरीच्या वकिलाला बरं दिसतं!

आमचा धाकटा आता नववीत आहे. त्याच्या अकरावीचे नियम काय ते तो दहावीत बसायच्या आत सांगा, आणि एकदा सांगितलेत की हात लावू नका. परत मे महिन्यात नवा जीआर निघाला तर या खेपेला याचिकेवर सही माझी असेल. सोसायटीच्या ग्रुपवर काय खडे फोडायचे ते फोडा.