कशाला स्कोप आहे?

मुलगी शाळेतून बाहेर पडली त्या दिवसापासून आमच्या घरी एक प्रश्न मुक्कामाला आला आहे. "मग, पुढे काय?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. उत्तर त्याच्याकडे तयार असतं, फक्त ते बाहेर काढायला निमित्त हवं असतं. पहिला आठवडा मी प्रामाणिकपणे "अजून काही ठरलं नाही" असं सांगत होतो. त्यावर समोरचा माणूस आवाज खाली आणून "होईल, होईल सगळं नीट" म्हणायचा. जणू घरात कुणाचे रिपोर्ट यायचे राहिलेत. दुसऱ्या आठवड्यापासून मी "दोन-तीन ऑप्शन बघतोय" म्हणायला लागलो. आजार तोच, पण मोठ्या डॉक्टरला दाखवल्याचं समाधान.

या काळात 'स्कोप' या शब्दाशी माझी घसट वाढली. स्कोप कशाला आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तो कायम दुसऱ्याच्या मुलाने घेतलेल्या लाइनला असतो. मुलीच्या मामाच्या मते स्कोप कॉम्प्युटरला. माझ्या धाकट्या भावाच्या मते कॉम्प्युटरचा स्कोप गेल्याच वर्षी संपला, आता जे काही आहे ते डेटात. डेटात म्हणजे नेमकं कुठे, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही घाबरून विचारलं नाही. आत्या म्हणाली, "दात. माणूस आहे तोवर दात आहेत." यावर कवळी काढून वाटीत ठेवलेले आजोबा काहीतरी बोलले, पण ते कुणाला कळलं नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी तर पुढच्या दहा वर्षांत कुठल्या लाइनला कसे दिवस येणार आहेत ते मला जिन्यात थांबवून सांगितलं. जिन्यात अशासाठी, की बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. ती कधी सुरू होणार हे मात्र त्यांना सांगता आलं नाही, आणि लिफ्टची कमिटी त्यांच्याकडेच आहे.

शेवटी आम्ही कलचाचणीला गेलो. कन्येला आत दीडशे प्रश्न देऊन बसवलं. मी बाहेर पंख्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने एक संच माझ्याही हातात ठेवला. "पालकांनाही करता येते, सर." प्रश्न असे होते: तुम्हाला मधमाश्या पाळायला आवडेल का? हो, नाही, सांगता येत नाही. मधमाश्यांना मी आवडेन का, हा पर्याय नव्हता. दोन मित्रांच्या भांडणात तुम्ही मध्यस्थी करता का? मी 'नाही' लिहिलं, मग खोडून 'हो' लिहिलं, मग हे कोण वाचणार आहे या विचाराने 'सांगता येत नाही'वर आलो. सत्तराव्या प्रश्नापर्यंत मला माझ्याबद्दल एकही गोष्ट खात्रीने सांगता येईनाशी झाली होती.

आठवड्याने निकाल आला. त्यात एक षटकोन होता. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ पासून मांडलेल्या सिद्धांतातला हा षटकोन. कामाच्या आवडीनुसार माणसांचे सहा प्रकार: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, माणसांना कामाला लावणारे आणि कागद नीट लावून ठेवणारे. शेजारच्या कोपऱ्यातली माणसं एकमेकांसारखी, समोरासमोरची सगळ्यांत वेगळी. मी अर्थातच कागद लावणाऱ्यांत. बायकोने घरी आल्यावर माझाच संच सोडवून बघितला. ती निघाली कलावंत. हे दोन कोपरे षटकोनात बरोबर समोरासमोर येतात. अठरा वर्षांचा संसार एका आकृतीत मावेल असं वाटलं नव्हतं.

षटकोनाखाली स्वभाववर्णन होतं. 'तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण तिचा अजून पुरेसा वापर झालेला नाही. वरून तुम्ही शिस्तीचे दिसता, आतून मात्र कधी कधी काळजीत असता.' मला भरून आलं. इतकं नेमकं मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं, ऑफिसात तर नाहीच. मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. मग कन्येने तिचा कागद पुढे केला. त्यातही तेच होतं. स्वल्पविरामासकट.

तिने दोन मिनिटांत मोबाइलवर शोधून मला एक गोष्ट ऐकवली. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून स्वभाववर्णन दिलं. मजकूर सगळ्यांना एकच, तोही फलज्योतिषाच्या पुस्तकावर बेतलेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

"तू किती दिले असतेस, बाबा?"

मी विषय बदलला.

(षटकोनाची गोष्ट वेगळी. त्यामागे पुष्कळ अभ्यास आहे, आणि माझा कोपरा त्याने बिनचूक ओळखला. अपमान वाटला तो बिनचूकपणाचाच.)

डिवचला गेल्यामुळे मी ही करिअर-मार्गदर्शनाची भानगड मुळात सुरू कुणी केली ते शोधून काढलं. फ्रँक पार्सन्स. १९०८ साली त्यांनी अमेरिकेत बॉस्टनला तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामं समजून घ्या, मग दोन्हींची सांगड घाला. आता या गृहस्थांची स्वतःची लाइन बघा. शिकले इंजिनिअर व्हायला. रेल्वेत लागले, तर कंपनी बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी. मग शाळामास्तर. मग कायद्याची परीक्षा, वकिली, कायद्याची पुस्तकं, प्राध्यापकी. मध्येच बॉस्टनच्या महापौरपदाला उभे राहिले आणि पडले. कार्यालय उघडलं त्याच वर्षी वारले. आमच्या मामाला हा बायोडेटा नाव झाकून दाखवला. "मुलगा कुठेच टिकत नाही," तो म्हणाला. "याला कुणीतरी वेळेवर गाइड करायला हवं होतं."

माहितीपत्रकांबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांत एक मुलगी निळं पाणी भरलेली परीक्षानळी उजेडात धरून हसते आहे. तीन वेगवेगळ्या संस्थांच्या पत्रकांत मला तीच मुलगी सापडली. एवढी हुशार मुलगी, पण तिचंही अजून ठरलेलं दिसत नाही.

मधल्या काळात मी गणितालाही शरण गेलो. एकामागून एक पर्याय समोर येत असतील आणि सोडलेल्याकडे परत जाता येत नसेल, तर पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यायचे. त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला दिसेल, तो घ्यायचा. सर्वोत्तम हाती लागण्याची शक्यता अशाने सगळ्यांत जास्त. आमच्या यादीत तीस कोर्स होते. म्हणून अकरा सोडायचे. गंमत अशी, की कन्येला मनापासून आवडलेला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा यादीत चौथा होता. त्याहून बरा पुढे एकही निघेना, आणि नियमाप्रमाणे आम्ही सरकत सरकत तिसाव्या क्रमांकावर, घड्याळदुरुस्तीवर, जाऊन पडलो.

"पण चौथ्याकडे परत गेलं तर कोण अडवतंय?" बायकोने विचारलं.

मी म्हटलं, गणितात अडवतात.

"लग्नाच्या वेळी मी हे गणित केलं असतं ना," ती म्हणाली आणि वाक्य पूर्ण न करता आत गेली.

चौथा क्रमांक आवडण्याचं मूळ आमच्या हॉलमधल्या पंख्यात आहे. तो गेली दोन वर्षं बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा. मग मी काठीने पात्याला ढकलायचो आणि तो फिरायला लागायचा. याला मी 'पंखा लावणे' म्हणत असे. एका रविवारी त्याच पंख्याखाली स्कोपची परिषद भरली होती. दात आणि डेटा हातघाईवर आले होते. तेवढ्यात कन्येने मेन स्विच पाडला, टेबलावर स्टूल ठेवलं आणि वर चढली. स्टूल मामाने धरलं. कॉम्प्युटरचा मुद्दा त्याने खालूनच चालू ठेवला. वरच्या वाटीतून तिने काड्यापेटीएवढा एक डबा काढला, त्यावरचा २.५ हा आकडा बघितला, बाहेर जाऊन तसाच नवीन घेऊन आली आणि दोन वायरी जोडल्या. "कपॅसिटर गेला होता," तिने हात पुसत सांगितलं. बटण दाबल्यावर पंखा मुकाट्याने फिरायला लागला. मी काठी उचललेली होती. ती कुठे ठेवावी हे मला बराच वेळ सुचलं नाही.

पुढचा आठवडा ती एका ओळखीच्या माणसाच्या मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसली. रोज संध्याकाळी नखांत काळं आणि कपड्यांना व्हार्निशचा वास घेऊन यायची. एरवी शाळेत काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणणारी ही मुलगी तासभर बोलत राहायची. "बाबा, जळालेलं वाइंडिंग उलगडताना वेढे मोजायचे असतात. तेवढेच परत घालायचे. मोजताना चुकलास तर दुसऱ्यांदा मोजायला काही उरत नाही."

मामाला हे कळलं तेव्हा तो हादरला. "वर्कशॉप? आपल्या घरातली मुलगी शिकाऊ उमेदवार? त्यापेक्षा बाहेर पाठवा. जर्मनी, स्वित्झर्लंड!"

"मामा, स्वित्झर्लंडमध्ये शाळा झाली की तीनातली दोन मुलं व्यवसायशिक्षणालाच जातात," कन्या म्हणाली. "बरीचशी शिकाऊ म्हणूनच. आठवड्यातले एक-दोन दिवस वर्ग, बाकीचे दिवस कामावर."

मामा थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला. "तिकडची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. ती कशी, हे पुढच्या परिषदेवर गेलं.

फॉर्म भरायच्या रात्री तिने विचारलं, "बाबा, तू कसं ठरवलं होतंस?"

मी खोटं बोलणार होतो. पण समोर कपॅसिटर बदललेला पंखा फिरत होता. म्हणून खरं सांगितलं. माझा मित्र एका खिडकीपुढे रांगेत उभा होता, म्हणून मी त्याच्या मागे उभा राहिलो. खिडकी जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "जागा धर, पाणी पिऊन येतो." तो यायच्या आत नंबर लागला. आतल्या माणसाने "कॉमर्स ना?" विचारलं. मागचे लोक ओरडत होते. मी हो म्हटलं. मित्र पाणी पिऊन आला तो दुसऱ्याच खिडकीवर गेला आणि आज पशुवैद्य आहे.

ती बराच वेळ हसली. मग पहिल्या पसंतीला इलेक्ट्रिकल डिप्लोमा टाकला, दुसरीला वायरमनचा ट्रेड, आणि तिसरीला, आईकडे बघत, घड्याळदुरुस्ती. वेबसाइट दोनदा बंद पडली. ओटीपी एकदा शेजारच्या खोलीत ठेवलेल्या माझ्या फोनवर आला आणि मी पोचेपर्यंत शिळा झाला. शेवटच्या पानावर 'पालकाचा व्यवसाय' अशी एक यादी उघडली. शेतकरी होता, डॉक्टर होता, मच्छीमार होता, शिल्पकारसुद्धा होता. तिने यादी वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा फिरवली.

"बाबा, तू नक्की काय करतोस?"

मी सांगायला सुरुवात केली. विम्याचे दावे येतात, त्यांच्यासोबतचे कागद तपासायचे, मग ते वरच्या टेबलावर...

"'इतर' टाकते," ती म्हणाली आणि सबमिट दाबलं.