कासवाच्या अडकलेल्या अंड्यांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नर नसताना अंडी अडकल्याचे सांगून एक्स-रेचे पैसे घेतले, दोन दिवस कासवाला नुसते कोमट पाण्यात बसवले, शेवटी पुण्याला पाठवले आणि रविवारी रात्री फोनवर उडवाउडवी केली, असे आपण आमच्या जळगावच्या दवाखान्याविषयी लिहिले आहे.

यातील शेवटची तक्रार खरी आहे. कासव खात नाही, अस्वस्थ आहे, असे आपण सांगत असताना ‘सोमवारी आणा’ हे उत्तर मिळायला नको होते. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. अशा मादीविषयी फोन आला की रात्रीही मला कळवायचे, अशी सक्त सूचना आता दिली आहे.

कोंबड्याविना कोंबडी अंडी घालते, तशी लाल कानांच्या स्लायडर जातीच्या कासवाची मादीही नराविना घालते. ती फळत नाहीत, अडकू मात्र शकतात. पहिल्या एक्स-रेत पाच अंडी मी बोट ठेवून आपल्याला मोजून दाखवली होती. सगळी अखंड, बाहेर पडण्याजोगी होती, म्हणून आधी ऊब, पाणी व कॅल्शियम देऊन अंगात ताकद आणली आणि मगच कळा आणणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले. चार अंडी पडली. पाचवे कमरेच्या हाडाशी आडवे झाल्याचे दुसऱ्या एक्स-रेत दिसले, आणि अशा वेळी पुन्हा इंजेक्शन दिले तर अंडनलिका फाटू शकते. मग उरते ती शस्त्रक्रिया, आणि तिच्यात कासव भुलेखाली श्वास धरून बसते, त्याला तासन्‌तास हाताने श्वास द्यावा लागतो. ती यंत्रणा माझ्याकडे नाही, म्हणून ते धाडस मी केले नाही, पुण्याला पाठवले.

मादी आठवडाभर मागच्या पायांनी काच खरवडत होती, हे आपणच सांगितले होते. ती अंडी घालायला ओलसर माती शोधत होती. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा टाकीवरचा यूव्हीबी (अतिनील) किरणांचा दिवा काढावासा वाटणे साहजिक आहे (माझ्याकडे येणारे बहुतेक जण तेच करतात), परंतु खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी किरण जवळजवळ नसतात. त्यांच्याविना शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कळा देणारे स्नायू ढिले पडतात. हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते. आपल्याला दोष नाही.

ती बरी होऊन घरी आल्याचे आपल्याच लिखाणातून कळले, बरे वाटले. तिचे दोन्ही एक्स-रे काउंटरवर पाकिटात ठेवले आहेत. टाके दाखवायला आणाल तेव्हा तपासणीचे पैसे घेणार नाही.