एवढा हुशार, मग दप्तर का भरता येत नाही?

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. घरातली लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी एकदा त्याच्या नजरेखालून जाते. ‘आपले विनीत’मधली एखादी चुकलेली वेलांटी आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटते, त्याच्या नाही. आणि हाच मुलगा ‘आंघोळ कर, कपडे घाल, दप्तर भर’ असं एका दमात सांगितलं की मोरीत नुसता उभा राहतो.

नातेवाईक म्हणतात, एवढं कळतं तर हे का नाही? नखरे आहेत सगळे. शाळेतही थोड्या सभ्य भाषेत हेच ऐकवलं जातं.

मला हा युक्तिवादच मान्य नाही. बारकावे टिपणं वेगळं आणि कामांचा क्रम मनात धरून, एक संपवून दुसऱ्याला हात घालणं वेगळं. ऑटिझममध्ये या दोन क्षमतांत प्रचंड तफावत असू शकते. वेक्सलर बुद्धिमापन चाचणीतही अनेकदा हेच दिसतं: ठोकळ्यांची नक्षी जुळवण्यात मूल पुढे, ‘अशा वेळी काय करावं?’ छापाच्या व्यवहारी प्रश्नांत मागे. मग सगळ्याची मिळून एक संख्या काढायची आणि तीच मुलाच्या कपाळावर चिकटवायची!

२००७ साली मिशेल डॉसन आणि लॉरां मोत्रों या संशोधकांच्या गटाने ३८ ऑटिस्टिक मुलांना वेक्सलर आणि रेव्हन अशा दोन्ही चाचण्या दिल्या. रेव्हनमध्ये फक्त आकृत्यांमधलं सूत्र ओळखायचं असतं. तिथे ही मुलं सरासरी ३० पर्सेंटाइलने वर गेली. मुलं तीच, फक्त चाचणी बदलली. (डॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत, हेही सांगायला हवं.)

पण म्हणून ‘प्रत्येक ऑटिस्टिक मुलात एक आइन्स्टाइन दडलेला असतो’ असले फॉरवर्ड मला पाठवू नका. अनेकांकडे डोळे दिपवणारं काही नसतं, काहींना बोलताही येत नाही, काहींना जन्मभर सोबत लागते. त्यांनी आधी काहीतरी अचाट करून दाखवावं आणि मग आपण त्यांना माणूस मानावं, असं आहे का?

बहिणीने मोरीच्या दारावर चार चित्रं लावलीत: साबण, टॉवेल, कपडे, दप्तर. ‘किती दिवस असे लाड करणार?’ असं विचारणारी आत्या स्वतः यादीशिवाय वाण्याकडे जात नाही. शाळेकडे आमचं एवढंच मागणं आहे की सूचना एकेक द्या आणि फळ्यावर लिहा. बाई तयार आहेत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, एका मुलासाठी वेगळा नियम कसा करायचा? अहो, मग सगळ्या वर्गासाठी करा.