गुरुवार पाळणारी गल्ली

सोलमधली शांत गल्ली म्हणजे खरोखरच शांत. तीन-चार मजली विटांच्या इमारती, ज्यांना इथे 'बिल्ला' म्हणतात (शब्द व्हिलावरून आलाय, पण बंगल्याशी नातं नावापुरतंच), कोपऱ्यावर चोवीस तास उघडं दुकान आणि बाकड्यावर बसलेल्या दोन हल्मोनी, म्हणजे आज्या. या गल्लीत नव्या परदेशी भाडेकरूची परीक्षा त्याच्या कोरियन भाषेवरून होत नाही, कचऱ्यावरून होते. बिल्लाला बंद कचराकोठी बहुधा नसते. अंधार पडला की पिशव्या दाराबाहेर मांडायच्या. म्हणजे आपण काय खाल्लं, किती प्यालो आणि ते नीट वेगळं केलं की नाही, याचं प्रदर्शन रोज संध्याकाळी विनामूल्य खुलं.

सुरुवात पिशवीपासून. १ जानेवारी १९९५ पासून कोरियात 'जोंगन्यांगजे' पद्धत आहे: जितका कचरा, तितका खर्च. पैसे पिशवीच्या किमतीतच वसूल होतात. सोलमध्ये २० लिटरची पिशवी साधारण ४९० वोनला पडते. तिच्यावर 'गु'चं, म्हणजे आपल्या वॉर्डाचं, नाव छापलेलं असतं आणि शेजारच्या गुमध्ये ती चालत नाही. घर बदललं की उरलेल्या पिशव्या घेऊन नव्या जुमिन सेंटरला, म्हणजे तिथल्या वस्तीच्या सरकारी कचेरीत, जावं आणि त्यांच्यावर लावायचे स्टिकर मागावेत. दुकानात पिशव्या गल्ल्याच्या मागे असतात, म्हणून तोंड उघडावंच लागतं: "जोंगन्यांगजे बोंग्थु जुसेयो", म्हणजे 'कचऱ्याची पिशवी द्या'. एकट्याने राहणाऱ्याने २० लिटरच्या भानगडीत पडू नये. ती भरेपर्यंत तळाचा कचरा वयात आलेला असतो. १० लिटर पुरे. मोठ्या दुकानात सामान भरायलाही हीच पिशवी मिळते; येताना भाजी, जाताना कचरा.

आता खरा मुद्दा, खरकटं. त्याची पिशवी वेगळी, १ लिटरपासून मिळते. काही ठिकाणी पिशवीऐवजी वजन करणारी पेटी असते: कार्ड टेकवा, झाकण उघडेल, जेवढं वजन तेवढं बिल. म्हणून आमटीचं पाणी आधी गाळून टाकावं, नाहीतर पाण्याचे पैसे भरतो आपण. २००५ पासून खरकटं जमिनीत पुरायला बंदी आहे. त्याचं खत, गॅस किंवा जनावरांचं खाद्य होतं, आणि सगळी मेख या शेवटच्या शब्दात आहे. 'हे आपण खाल्लं का?' हा प्रश्नच नाही. 'हे डुक्कर खाईल का?' हा प्रश्न.

या एका प्रश्नापुढे मराठी स्वयंपाकघर नापास होतं. कांद्याची सालं? साधा कचरा. लसणाची, आल्याची सालं? साधा कचरा. मिरचीची देठं आणि बिया, कणसाची पानं, शेंगदाण्याची टरफलं, अंड्याची कवचं, आंब्याची कोय, नारळाची करवंटी: सगळं साध्या पिशवीत. चहाचा चोथासुद्धा. कलिंगडाची साल मात्र चालते, बारीक चिरून, केळ्याचीही चालते. थोडक्यात, फोडणीची सगळी तयारी डुकराला नामंजूर आणि फळांची ताटली मंजूर. कढीपत्त्याचं नाव सरकारी यादीत शोधत बसू नये, गुमान साध्या पिशवीत टाकावा. उरलेलं लोणचं आणखी अवघड. मीठ आणि तिखट जनावराला बाधतं, म्हणून खारट पदार्थ धुऊन मगच खरकट्यात टाकायचे. लोणचं धुणं हे आपल्या संस्कारात बसत नाही, तेव्हा सरळ संपवून टाकणं उत्तम.

मग येतो गुरुवार. सोलच्या बऱ्याच भागांत बिल्लावाल्यांनी पारदर्शक बाटल्या आणि पातळ प्लास्टिक याच वारी बाहेर ठेवायचं असतं (आपल्या गुचा वार तेवढा पाहून घ्यावा). बाटलीचाही विधी आहे: रिकामी करा, विसळा, लेबल सोला, चपटी करा, झाकण लावा. बिल्लांना हे डिसेंबर २०२१ पासून लागू झालं. लेबल सोलताना नखं जातात. घरी कधी गुरुवार पाळला नसेल, तर इथे पाळला जातो.

तिखट रश्श्याचा लाल डाग पडलेला प्लास्टिकचा डबा धुऊनही पुनर्वापरात चालत नाही. पण त्यावर उपाय आहे: डबा धुऊन दोन-तीन दिवस खिडकीत उन्हात ठेवा, लाली बरीच उतरते. हळदीच्या डागाचं जे होतं तेच. हे ज्ञान आपण आईकडून घेऊन आलेलो असतो, फक्त कोरियन डब्यावर वापरायचं सुचत नाही. नूडल्सचा तेलकट फोमचा कप मात्र साध्या पिशवीत. फुटलेला कप ही काच नव्हे; चिनी मातीच्या वस्तूंसाठी न जळणाऱ्या कचऱ्याचं वेगळं पोतं विकत मिळतं. सोजूच्या, म्हणजे इथल्या दारूच्या, बाटल्या टाकू नयेत. दुकानात परत दिल्या की एकीचे १०० वोन मिळतात, बिअरच्या बाटलीचे १३०.

चुकलात तर कोणी ओरडत नाही, तेच वाईट. पिशवीवर 'उचलणार नाही' असा स्टिकर लागतो आणि ती तुमच्या दारात तशीच बसून राहते. हल्मोनी बघतात. काही कोपऱ्यांवर कॅमेरा असा आहे, की जवळ गेलं की तो बोलू लागतो, रात्री अकरा वाजता, खणखणीत आवाजात. कायद्यात कमाल दंड १० लाख वोनचा आहे आणि तपासायला माणसं पिशवी उघडून पावत्या शोधतात. कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता फाडायची सवय लावावी. खोक्याची चिकटपट्टीही काढावी. गाडा ढकलत रद्दी गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यांना ती काढत बसावी लागत नाही.

एक लक्षात ठेवावं: पुष्कळ भागांत शनिवारी रात्री कचरा बाहेर ठेवता येत नाही. त्यामुळे शनिवारी कोळंबी आणली, तर टरफलं (साधा कचरा) रविवार संध्याकाळपर्यंत आपल्याच सोबतीला. शनिवार पाळणाऱ्यांची इथे आयती सोय आहे. रविवारी मटण करायला हरकत नाही. हाडं अंधार पडल्यावर, साध्या पिशवीत.