तांब्या, वांगी आणि मालार्मे

नमस्कार. चित्रकारांनी चित्रं काढलेल्या कवितांच्या पुस्तकांवरचा माझा लेख वाचून नेरूळहून तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस. तुमचे आक्षेप तीन: कवितेला चित्र जोडणं म्हणजे वाचकाच्या कल्पनेला पांगुळगाडा देणं, पुस्तकांवर लिहिता लिहिता मी फळं-बाटल्यांच्या चित्रांवर घसरलो, आणि हे सगळे श्रीमंतांचे चोचले.

शेवटचा आक्षेप मान्य. फ्रेंच चित्रकार मातीसच्या २९ एचिंग्जसह (धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या रेखाचित्रांसह) फ्रेंच कवी मालार्मेच्या कविता १९३२ साली निघाल्या, त्या १४५ प्रतींत. आपल्या वाट्याला स्क्रीनच.

पांगुळगाड्याबद्दल मात्र भांडेन. तुमचा राग कुठून येतो ते कळतं, आपण दिवाळी अंकांवर वाढलो. कवितेत चांदणं आलं की शेजारी चंद्र, सखी आली की पाठमोरी बाई. (एक अंक मी त्या बाईपायीच बंद केला.) मातीसची जात वेगळी. रेघ एकसारखी बारीक, छायेसाठी आडव्यातिडव्या रेघांची जाळी नाही. छापल्यावरही कागद जवळजवळ कोराच दिसावा, असा त्याचा हट्ट, कारण समोरच्या पानावर मजकुराचा काळा ठसा आहे आणि त्याला तोलायचंय. १९४८ मध्ये फ्रेंच कवी रव्हर्दीच्या हस्ताक्षरातल्या कवितांभोवती पिकासोने तर नुसते लाल फटकारे ओढले. ना माणूस, ना चंद्र. अर्थ सांगणारं चित्रच नाही, मग कल्पनेला अडवतंय कोण?

आता फळं-बाटल्या. विषयांतर वाटलं असेल तर चूक माझी, दुवा लिहायचा राहिला. ठाण्यात शाळेत इंटरमीजिएटच्या सरावाला स्थिरचित्र होतं: तांब्या, दोन वांगी, मागे चुण्या पडलेलं कापड. मी वांग्याची चमक घासत बसलेलो. सर म्हणाले, "आधी दोघांमधली जागा बघ." पिकासोचं १९१२ चं वेताच्या खुर्चीचं स्थिरचित्र पाहताना हे आठवलं. विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलेलं, चौकटीच्या जागी दोरखंड, आणि वर जे-ओ-यू ही तीन अक्षरं. फ्रेंच 'झुर्नाल'ची, म्हणजे वर्तमानपत्राची, सुरुवात म्हणा, नाहीतर 'झुए'ची, म्हणजे खेळणं. पेल्याशेजारी अक्षरंही वस्तूसारखी मांडलेली. अशा माणसाला कवितेच्या पानावर शब्द आणि रेघ शेजारी ठेवायला वेगळं काय शिकायचं होतं?

मालार्मेतलं कुठलं पान पाहून तुमचं मत झालं, ते कळवा. हंसाचं असेल (कवितेत हंस, चित्रातही हंसच), तर अर्धी माघार घेतो.