कावीळ चुन्याच्या पाण्यात उतरत नाही

पावसाळा सुरू झाला की काविळीविषयीचा एक संदेश मोबाइलवर हमखास फिरू लागतो. काविळीवर डॉक्टरांकडे औषधच नाही, तेव्हा दवाखान्यात पैसे घालवू नका. अमुक गावी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवतात, माळ घालतात, नाकात रस पिळतात. घरी हळद, तेल, तूप बंद ठेवून उसाचा रस पाजा आणि तान्ह्या बाळाला कावीळ झाली असेल तर कोवळ्या उन्हात धरा, असा त्याचा मजकूर असतो. संदेश पाठवणारा आपुलकीनेच पाठवतो आणि कावीळ उतरवून देणारे अनेक जण एक पैसाही घेत नाहीत, हे मला मान्य आहे. तरीही त्यातील प्रत्येक विधान तपासले पाहिजे, कारण त्यावर विसंबून घालवलेले आठ-दहा दिवस काही रुग्णांच्या जिवावर बेततात.

डॉक्टरांकडे औषध नाही, हे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते सर्वांत अधिक फसवते. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुतेक रुग्णांमध्ये विशिष्ट औषधाशिवाय काही आठवड्यांत ओसरते. परंतु कावीळ हा स्वतंत्र रोग नसून रक्तात बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य साठल्याचे ते लक्षण आहे, आणि ते साठण्याची कारणे अनेक आहेत. पित्तनलिकेत खडा अडकला तर शौचाचा रंग मातकट पांढरा होतो, अंगाला खाज सुटते, आणि तो खडा काढावाच लागतो. भाताच्या खाचरात अनवाणी काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे आणि त्यापाठोपाठ कावीळ दिसली, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्यावर प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेत मिळाली नाहीत तर मूत्रपिंडे निकामी होतात. मलेरियातही कावीळ होते, क्षयाच्या गोळ्यांनीही होते. हिपॅटायटिस सी तर बहुतेक रुग्णांमध्ये 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. यांतले कारण कोणते, हे रक्ततपासणीशिवाय आणि गरजेनुसार सोनोग्राफीशिवाय कळत नाही.

चुन्याच्या पाण्याचे प्रात्यक्षिक मात्र पाहणाऱ्याला खरोखर पटते, कारण पाणी डोळ्यांदेखत पिवळे होते. हातांना आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि त्या रसातील द्रव्यांचा चुन्याशी संयोग झाला की पिवळा रंग येतो. ठणठणीत माणसाच्या हाताला तोच रस लावून पाहावे, पाणी तेवढेच पिवळे होते. बिलिरुबिन शरीराबाहेर जाते ते पित्तावाटे शौचातून आणि काही प्रमाणात लघवीतून. तळहात धुऊन ते निघत नाही. माळेचेही तसेच आहे; ती लांबत गेली की कावीळ उतरली असे मानतात. ओल्या काड्यांना सैल गाठी मारून केलेली माळ काड्या वाळून आक्रसल्या की लांबत जाते, मग ती डोक्यावर ठेवा किंवा खुंटीला टांगा. रुग्ण बरा होतो तो त्याच दिवसांत यकृत स्वतः सावरल्यामुळे, आणि श्रेय मात्र माळेला मिळते.

नाकात देवडांगरी या कडू रानवेलीच्या फळाचा रस घालणे हा प्रकार निरुपद्रवी मुळीच नाही. या रसाने नाकाची नाजूक त्वचा भाजल्यासारखी सुजते आणि तिच्यातून पाझरणाऱ्या पिवळसर पाण्याला कावीळ गळाली असे म्हटले जाते. दंडावर डाग देण्याविषयी तर लिहितानाही वाईट वाटते. आधीच आजारी असलेल्या मुलाला त्यातून फक्त जखम मिळते.

पथ्याच्या बाबतीत हळदीचा दोष एवढाच, की तिचा रंग काविळीसारखा आहे. भूक मंदावलेल्या रुग्णाला हळद-तेलाविना बेचव जेवण वाढले तर तो आणखी अशक्त होतो. वरण-भात, भाकरी, फळे, दूध, पचेल तितके तेल-तूप, जे रुचेल ते थोडेथोडे द्यावे; मळमळ बहुधा दिवस चढेल तशी वाढते, म्हणून सकाळचे जेवण पोटभर असावे. उसाचा रस घरी स्वच्छ काढलेला असेल तर त्यातून साखर मिळते, यापलीकडे त्यात काही नाही. रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस मात्र विषाणूंचेच वाहन ठरू शकतो. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली आणि 2012 मध्ये इचलकरंजीतही हिपॅटायटिस ई पाण्यातूनच पसरला. म्हणून घरातील सर्वांनी पाणी उकळून प्यावे आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. दारू पूर्ण बंद ठेवावी, आणि तापाची पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झाडपाल्याच्या काढ्यालाही हाच नियम लावावा. मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तरी सुजलेल्या यकृतावर असा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी पाहायचे ते हे. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात पाहावा. गाजरे फार खाल्ल्याने कातडी पिवळट होते, डोळे होत नाहीत. लघवीचा रंग आणि दिवसाकाठचे प्रमाण लक्षात ठेवावे. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, रात्री जागा आणि दिवसा गुंगीत राहू लागला, पोटात काहीच टिकेना, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले, पोट फुगले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. बिलिरुबिनचा आकडा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण यकृत कितपत काम करते ते रक्त गोठण्याच्या तपासणीतून अधिक नेमके कळते. गर्भवतीला कावीळ दिसली तर लक्षणे वाढण्याची वाट पाहूच नये. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे.

राहिले तान्हे बाळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येणारी सौम्य पिवळी झाक बहुतेक बाळांमध्ये आपोआप जाते, आणि वारंवार अंगावर पाजणे हाच तिच्यावरचा घरगुती उपाय आहे. कोवळ्या उन्हात प्रकाशाचे प्रमाण मोजता येत नाही, बाळ गारठते किंवा तापते, आणि रुग्णालयातील निळ्या प्रकाशाच्या उपचाराची जागा ते ऊन घेऊ शकत नाही. जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा शौच पांढरी होऊ लागली, तर बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, कारण अतिवाढलेले बिलिरुबिन मेंदूत शिरले की झालेली इजा भरून येत नाही.